जास्वंदीपासून सुरुवात: वनस्पतीचित्रण घरच्या घरी कसं शिकावं

मनासारखं जमलेलं माझं पहिलं वनस्पतीचित्र कळलावीचं होतं. ज्वाळांसारख्या वर वळलेल्या सहा पाकळ्या, बुडाशी पिवळ्या, टोकाकडं लाल. रंग छान उतरला होता, म्हणून वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना मी ते मोठ्या उत्साहानं दाखवलं. त्यांनी चित्र जवळ घेतलं, मग लांब धरलं आणि एवढंच विचारलं, "ही वेल चढते कशानं?"

कळलावीच्या पानाचं टोक लांब होऊन गुंडाळतं आणि आधाराला विळखा घालतं. वेल चढते ती त्या टोकांवर. मी पानं साध्या भाल्यासारखी काढली होती, कारण समोर वेल नव्हतीच, फोटो होता. फोटोत पानांची टोकं धूसर होती आणि धूसर जागा मी अंदाजानं भरून टाकली होती. बाईंच्या त्या प्रश्नानंतर मी रंगाच्या आधी मोजायला शिकले. पुढं जे सांगणार आहे ते सगळं त्यातूनच आलेलं आहे. एकच वनस्पती घेऊ, अंगणातली साधी लाल जास्वंद, आणि तिचं चित्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या सहीपर्यंत कसं करायचं ते पाहू.

हे चित्र कशासाठी असतं

फुलांचं सुंदर चित्र आणि वनस्पतीचित्र यांत फरक आहे. फुलदाणीतल्या फुलांच्या चित्रात चित्रकाराची त्या दिवसाची मनःस्थिती असते आणि ते योग्यच आहे. वनस्पतीचित्र पाहून मात्र ती वनस्पती कधीही न पाहिलेल्या माणसाला ती रानात ओळखता आली पाहिजे. म्हणून पार्श्वभूमी कोरी ठेवतात, आकार शक्यतो जेवढ्यास तेवढा ठेवतात आणि कळी, उमललेलं फूल, पानाची खालची बाजू, फुलाचा उभा छेद हे सगळं एकाच कागदावर आणतात. कॅमेऱ्याला एका क्षणी हे सगळं टिपता येत नाही. चित्रकार आठ-दहा दिवसांचं पाहणं एका कागदावर मांडतो.

आपल्याकडं ही परंपरा जुनी आहे. जहांगीर बादशहानं १६२० साली काश्मीरमध्ये असताना दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरनं तिथली शंभरहून अधिक फुलं रंगवल्याचं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. मलबारातल्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. मला सगळ्यांत जवळची वाटतात ती दापोडीची चित्रं. इंग्रजांच्या कागदपत्रांत 'दापुरी' म्हणून येणारी ही पुण्याजवळची आपली दापोडी. तिथल्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात दीडशेहून अधिक वनस्पतींची चित्रं करवून घेतली. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. काढणारा चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, पण त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. त्याच सुमारास मद्रास इलाख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांच्यासाठी काम करणाऱ्या रुंगय्या आणि गोविंदू या चित्रकारांची नावं मात्र टिकली, कारण वाइटनं ती नोंदवली. एका ऑर्किडला तर त्यानं गोविंदूचं नाव दिलं. याचा आपल्या कामाशीही संबंध आहे, त्याकडं शेवटी येऊ.

जास्वंदच का

एक तर ती सगळीकडं मिळते आणि जवळपास वर्षभर फुलते. भाग मोठे, डोळ्यांना सहज दिसणारे. फूल तोडलं म्हणून निसर्गाचं नुकसान होत नाही. घरात पूजेसाठी पहाटे फुलं काढणारं कुणी असेल, तर एक फांदी तुमच्यासाठी राखून ठेवायला आदल्या रात्रीच सांगा.

फूल एकेरी, पाच पाकळ्यांचंच घ्या. भरगच्च पाकळ्यांच्या जास्वंदीत पुंकेसरांचेच पाकळ्यांसारखे फाटे झालेले असतात आणि शिकणारा त्या गुंत्यात हरवतो.

जास्वंदीची खरी शिकवण तिच्या आयुष्यात आहे. फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं. म्हणजे हातात एक दिवस असतो. कशाला आधी हात घालायचा हे तुम्हाला ठरवावंच लागतं. पानं दोन-तीन दिवस थांबतात, फूल थांबत नाही.

सामान: कमी घ्या, पण कागद चांगला घ्या

पैसे कुठं घालायचे असं विचाराल तर कागदावर. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा, जाड), शंभर टक्के कॉटनचा, गुळगुळीत पृष्ठभागाचा कागद मागा. दुकानात त्याला 'हॉट प्रेस' म्हणतात. खरबरीत कागदावर पानाच्या काठावरचे दाते स्वच्छ उतरत नाहीत. स्वस्त कागदावर रंगाच्या तिसऱ्या थराला लव उठते आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपला हात वाईट आहे. एक मोठा कागद घेऊन त्याचे चार तुकडे करा, पण तो चांगला असू द्या. सरावाची रेखाटनं साध्या पाठकोऱ्या कागदांवर चालतात.

ब्रश तीन पुरेत, सगळे गोल आणि टोकदार: नंबर ६, नंबर ३ आणि नंबर १. आजचे सिंथेटिक ब्रश या कामाला उत्तम चालतात. ब्रश घेताना तो पाण्यात बुडवून एक झटका द्या. टोक एकाच बिंदूला आलं तर घ्या, फाकलं तर परत ठेवा. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते: मुंगसाच्या केसांचे ब्रश कुणी 'खास' म्हणून देऊ केले, तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते विकणं आणि बाळगणं गुन्हा आहे. निसर्ग रंगवण्यासाठी मुंगसं मारली जावीत, हे कोणत्याही चित्राला शोभणारं नाही.

रंग जलरंगच, सात पुरे. थंड पिवळा म्हणून लेमन यलो, उबदार पिवळा म्हणून गॅम्बोज. निळसर लाल म्हणून क्विनाक्रिडोन रोज, केशरट लाल म्हणून स्कार्लेट. अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू. आणि बर्न्ट सिएना. तयार हिरवा घेऊ नका, काळा तर नकोच. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो वाचायची सवय लावा. पीआर ८३ हा जुना अलिझरीन क्रिमझन सुंदर दिसतो, पण उजेडात विटतो. पीव्ही १९, म्हणजे आपला क्विनाक्रिडोन रोज, टिकतो. शंका असेल तर घरीच तपासा: कागदाच्या पट्टीवर रंगाचा चौकोन काढा, अर्ध्यावर जाड पुठ्ठा चिकटवा आणि पट्टी दोन महिने उन्हाच्या खिडकीत ठेवा. पुठ्ठा काढल्यावर रंगच बोलतो.

बाकी सगळं घरात आहे. २एच आणि एचबी पेन्सिली, कणकेसारखा मळता येणारा मऊ खोडरबर, कंपासपेटीतला डिव्हायडर, ट्रेसिंग पेपर, नवं ब्लेड, पांढरी चिनी मातीची बशी, पाण्याचे दोन पेले, जुन्या सुती साडीचा तुकडा. एकच गोष्ट वेगळी घ्यावी लागेल: दहा पटींचं भिंग, सोनार डोळ्याला लावतात तसलं.

पहिले दोन दिवस: फक्त मोजणी

या दोन दिवसांत चित्र काढायचं नाही, हे वाचून कंटाळा येईल. मलाही यायचा. पण इथं वाचवलेला वेळ पुढं रंगात दुप्पट जातो.

फूल देठासकट तोडून ओल्या कापसात ठेवा. वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडं आकडे, उजवीकडं छोटी रेखाटनं.

खालून सुरुवात करा. देठाला कुठं गाठ आहे का? निदलांच्या, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांच्या खाली, त्यांना लगटून, बारीक हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक वलय दिसेल. जास्वंदीच्या चित्रांत सगळ्यांत जास्त वेळा विसरला जाणारा भाग हाच. या पट्ट्या मोजा. प्रत्येक फुलात आकडा सारखाच येईल असं धरू नका, तुमच्या फुलातला आकडा लिहा. त्याच्या वर पाच निदलं, बुडाशी एकमेकांना जोडून पेल्यासारखी झालेली. मग पाच पाकळ्या. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली असते, पंख्याच्या पात्यांसारखी. ही पिळण घड्याळाच्या दिशेनं आहे की उलटी, ते बाण काढून नोंदवा. पाकळी एकटी काढून कागदावर सपाट ठेवलीत, तर तिच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत हे लगेच कळेल. फुलाला गरगर फिरल्याचा जो भास असतो तो यातून येतो. पाचही पाकळ्या बदामाच्या आकाराच्या सारख्या काढल्या, की फूल मरतं.

मधून बाहेर डोकावणारा लांब दांडा म्हणजे पुंकेसरांच्या तंतूंची एकत्र जुळून झालेली नळी. तिच्या वरच्या भागावर बारीक देठांचे पिवळे परागकोश लागलेले असतात. या नळीच्या आतून स्त्रीकेसराचा धागा जातो आणि टोकाला पाच फाटे होऊन बाहेर पडतो. त्या फाट्यांच्या टोकांवर मखमली ठिपके असतात, त्या कुक्षी. भिंगातून बघा. शाळेत प्रत्येकानं ही आकृती काढलेली असते आणि ती बहुतेकांना पाठही असते. आकृती विसरा, समोरचं फूल बघा. तुमच्या फुलातला दांडा सरळ आहे की वाकलेला? परागकोश अगदी बुडापासून आहेत की अर्ध्यावरून?

पानाकडं वळा. पानं फांदीवर एकाआड एक येतात. देठापाशी ठळक शिरा किती निघतात ते मोजा. काठावरचे दाते टोकाकडच्या भागात असतात, देठाकडं काठ बहुधा सपाट होत जातो. दाते नेमके कुठून सुरू होतात? पानाचा देठ फांदीला मिळतो तिथं दोन्ही बाजूंना केसासारखी बारीक उपपर्णं आहेत का? कधी ती गळून गेलेली असतात. गळली असतील तर तसं लिहा, कल्पनेनं चिकटवू नका.

शेवटी मापं. डिव्हायडरचं एक टोक फुलाच्या एका कडेवर, दुसरं समोरच्या कडेवर, आणि तेच अंतर उचलून थेट कागदावर. पट्टीवर आकडा वाचून पुन्हा मोजायची गरज नाही. फुलाचा व्यास, दांड्याची लांबी, पानाची लांबी-रुंदी, दोन पानांतलं अंतर.

रेखाटन

तिसऱ्या दिवशी नवं फूल घ्या, त्याच झाडावरचं. उजेड डावीकडून, थोडा वरून येईल असं बसा. बहुतेक वनस्पतीचित्रांत हीच रीत आहे. उत्तरेच्या खिडकीचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून तो सगळ्यांत चांगला. खिडकी नसेल तर डावीकडं पांढऱ्या उजेडाचा एक दिवा ठेवा आणि बाकीचे बंद करा. दोन दिव्यांच्या दोन सावल्यांनी पान चपटं दिसतं.

फांदी बाटलीत अशी उभी करा की फूल तुमच्याकडं पाऊण वळलेलं असेल. समोरून सरळ पाहिलेल्या फुलात दांडा आपल्या डोळ्यावर रोखलेला येतो आणि त्याची लांबीच दिसत नाही.

आधी एकच रेघ: फुलाच्या देठातून निघून फुलाच्या पोटातून जाणारी आणि दांड्याच्या टोकाला बाहेर पडणारी. पाकळ्यांनी ती झाकलेली असली तरी अखंड काढा. देठ एका दिशेला आणि दांडा भलत्याच दिशेला, ही नवख्यांची नेहमीची चूक या एका रेघेनं टळते. मग पाकळ्यांच्या टोकांतून जाणारा लंबवर्तुळ, त्यात पाच जागा, आणि त्यानंतर पाकळ्यांच्या सुरकुतलेल्या कडा.

पानाचंही तसंच. मधली शीर आधी, काठ नंतर. पान दुमडलेलं असेल तर शीर घडीच्या मागं जाते आणि पुन्हा पुढं येते. पेन्सिल न उचलता मागचा भागही काढा, नंतर खोडा. पानाचे दोन अर्धे वेगवेगळ्या रुंदीचे दिसत असतील तर ते तसेच काढा. आपला मेंदू त्यांना सारखं करायला बघतो, त्याला करू देऊ नका.

रेखाटन साध्या कागदावर पूर्ण झालं की ट्रेसिंग पेपरनं चांगल्या कागदावर उतरवा. चांगल्या कागदावर खोडाखोड केली तर त्याची कातडी जाते आणि रंग तिथं डागासारखा धरतो. कागदाच्या मांडणीचा विचारही आत्ताच करा: मुख्य फांदी मध्याच्या थोडी डावीकडं, उजवीकडं खाली छेदासाठी जागा, वर एका कळीसाठी. रंगाला लागण्याआधी पेन्सिलीच्या रेघा त्या कणकेसारख्या मऊ रबरानं टिपून जेमतेम दिसतील एवढ्या फिक्या करा. पिवळ्या रंगाखाली राहिलेली काळी रेघ नंतर कधीच निघत नाही.

हिरवा, म्हणजे अर्धं शिक्षण

पानं थांबतात, म्हणून ती आधी रंगवावी असं वाटतं. पण फुलाच्या रंगाची नोंद पहिल्याच दिवशी सकाळी करून ठेवा: कागदाच्या पट्टीवर रंग मिसळून, वाळवून, पट्टी थेट पाकळीला लावून जुळेपर्यंत. खाली मिश्रण लिहा. एवढं झालं की निर्धास्तपणे पानांना लागा.

हिरव्याचा एक तक्ता करा. दोन पिवळे आणि दोन निळे यांच्या चार जोड्या होतात. प्रत्येक जोडीच्या पाच पायऱ्या, पिवळ्याकडून निळ्याकडं. वीस हिरवे तयार होतात. मग प्रत्येकात कणभर बर्न्ट सिएना घालून आणखी वीस. हा तक्ता घेऊन बाहेर जा आणि आंब्याच्या, कडुलिंबाच्या, तुळशीच्या पानांशेजारी धरा. कच्चा हिरवा झाडात जवळपास कुठंच नसतो, प्रत्येक हिरव्यात थोडा लाल लपलेला असतो, हे एका दुपारी कळेल आणि आयुष्यभर पुरेल.

जास्वंदीचं पान चकचकीत असतं. चकाकी पांढरी दिसते, पण नीट पाहिलं तर तिथं आकाशाची निळसर झाक असते. म्हणून पहिला हात अल्ट्रामरीनचा, अगदी पाण्यासारखा पातळ, फक्त चकाकीच्या जागी. तो पूर्ण वाळू द्या. मग पानाचा अर्धा भाग, मधल्या शिरेपर्यंत, स्वच्छ पाण्यानं ओला करा. कागदावर पाण्याचं तळं नको, नुसती ओल हवी. तिरपं पाहिल्यावर साटिनसारखी दिसली की झालं. त्यात पिवळसर हिरवा सोडा आणि चकाकीच्या अलीकडं थांबा. ओल त्याची कड आपोआप मऊ करते. वाळलं की दुसरा अर्धा. मग गडद हिरवा: प्रशियन ब्लू, गॅम्बोज आणि थोडा सिएना. एकेक हात पातळ, असे पाच-सहा. एकाच हातात गडद करायला गेलं की पान रबरी दिसतं.

शिरा रंगवायच्या नसतात, राखायच्या असतात. पहिल्या फिक्या हातानंतर शिरेची जागा सोडून दोन्ही बाजूंनी गडद रंग भरत जा. शीर आपसूक उजळ उरते. बारीक उपशिरांसाठी नंबर १चा ब्रश रंगात बुडवून कापडावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि शिरांच्या मधले चौकोन छोट्या रेघोट्यांनी भरा. हे काम हळू चालतं. एका पानाला मला चार-पाच तास लागतात आणि मला ते तास आवडतात.

लाल

लाल फुलाला सावली देताना हात काळ्याकडं जातो. तो आवरा. सावलीतला लाल म्हणजे क्विनाक्रिडोन रोजमध्ये थोडा अल्ट्रामरीन. पाकळीच्या बुडाशी, जिथं रंग खूप गडद होतो, तिथं त्यात पानांसाठी मिसळलेल्या हिरव्याचा एक थेंब. उजेडातल्या कडेला फिका, किंचित गुलाबी-निळसर हात आणि मधल्या भागात स्कार्लेट. पाकळीवरच्या शिरा बुडापासून पंख्यासारख्या उलगडत जातात. ब्रशची प्रत्येक रेघोटी त्याच दिशेनं जाऊ द्या. आडवी गेलेली एक रेघ पाकळीची वळणदार पाठ सपाट करून टाकते.

परागकोशांची अडचण खरी आहे: लाल पाकळीच्या पार्श्वभूमीवर पिवळे ठिपके. लालावर पिवळा जलरंग दिसत नाही. म्हणून पेन्सिलीनं एकेक परागकोश आधी आखा, लाल भरताना त्या जागा कोऱ्या ठेवा आणि शेवटी लेमन यलो भरा. एखाददुसरी जागा बुजली तर पांढऱ्या अपारदर्शक रंगात पिवळा मिसळून ठिपका द्या, पण त्यावरच सगळी भिस्त नको. असे ठिपके कागदावर चिकटवल्यासारखे दिसतात.

फूल दुपारी मलूल व्हायला लागलं की थांबा. उद्या त्याच झाडावरचं दुसरं, त्याच कोनात ठेवलेलं फूल घेऊन पुढं जा. मी तर संध्याकाळीच उद्याची कळी तोडून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी बाहेर काढली की माझ्या सोयीनं उमलते.

उभा छेद

नवं ब्लेड, एकच काप, देठापासून वर. अर्धं फूल भिंगाखाली ठेवा. बुडाशी अंडाशय, त्यातल्या खणांत बारीक बीजांडं, तिथून नळीतून वर जाणारा धागा. हा भाग दुप्पट किंवा तिप्पट मोठा काढा आणि शेजारी 'X २' किंवा 'X ३' लिहा. त्याच्याखाली एक सेंटिमीटर दाखवणारी आडवी रेघही काढा. चित्र छापताना लहान-मोठं केलं तर 'X ३' खोटं ठरतं, रेघ मात्र चित्राबरोबर बदलते आणि खरीच राहते.

छेद रंगवलाच पाहिजे असं नाही. शास्त्रीय लेखांत छापायचं काम अजूनही बरंचसं काळ्या शाईत होतं. ०.१ मिमीचं, पाण्यानं न पसरणाऱ्या शाईचं पेन घ्या. काठ अखंड रेघेनं आणि सावली ठिपक्यांनी: गडद हवं तिथं ठिपके दाट, उजेडाकडं विरळ. ठिपका देताना पेन सरळ उभं धरा, तिरपं धरलं की ठिपक्याला शेपटी फुटते.

पावसाळ्यात

फुलांचा मोठा मोसम आणि कागदाचा शत्रू एकाच वेळी येतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैमध्ये रंगाचा एक हात वाळायला अर्धा तास लागतो. घाई करून ओल्यावर दुसरा हात दिला तर खालचा उखडतो. हेअर ड्रायर हातभर लांबून, मंद वाऱ्यावर चालतो. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा, नाहीतर त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. मधाचा अंश असलेल्या रंगांना मुंग्या लागतात, झाकणं घट्ट लावा. पूर्ण झालेलं चित्र लॅमिनेट मात्र कधीही करू नका. त्या उष्णतेतून आणि गोंदातून चित्र परत निघत नाही.

कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर वही, पेन्सिल आणि रंगांच्या पट्ट्या एवढंच न्या. फूल तोडायला तिथं मनाई आहे, आणि वाटेवरून उतरून बसलात तर तुमच्या मांडीखाली चिरडलेली झाडं पुढच्या माणसाला दिसणार नाहीत. वाटेवर उभं राहून मोजा, आकडे लिहा, रंग जुळवा, आणि संदर्भासाठी फोटो काढा. फोटो मदतनीस म्हणून उत्तम आहे. माझ्या कळलावीसारखा तो मालक झाला, की चूक होते. वर्षभर बसून सराव करायला मुंबईत भायखळ्याची राणीची बाग आणि पुण्यात एम्प्रेस गार्डन चांगली. ओळख पटत नसेल, तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये वाळवलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह आहेत. जाण्याआधी रीतसर परवानगी घ्या.

पक्षी, फुलपाखरं, शिंपल्यांकडं वळायची इच्छा होईलच. पद्धत तीच, मोजणी आधी. कीटकाचे सहाही पाय छातीच्या भागातून निघतात, पोटातून नाही, एवढं एक पाहिलं तरी निम्मी चित्रं सुधारतील. चित्रासाठी जिवंत काही पकडू-मारू नका. खिडकीच्या चौकटीत मेलेलं गांधीलमाशीचं एक शरीर महिनाभर शिकवतं.

कागदाच्या तळाशी

चित्र झालं की खाली वनस्पतीचं शास्त्रीय नाव लिहा, 'हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस', आणि त्याच्या शेजारी मराठी नाव. मग ठिकाण, गावासकट. ज्या दिवसांत काम केलं त्या तारखा. वनस्पती लावलेली होती की रानटी. मिश्रणांच्या पट्ट्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं नोंदवून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच झाडासाठी लागतील. आणि तुमचं पूर्ण नाव, वाचता येईल असं. दापोडीच्या त्या चित्रकारानं प्रत्येक पान इतकं मन लावून रंगवलं आणि आज त्याला हाक मारायला आपल्याकडं नाव नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

जास्वंदीनंतर गोकर्ण घ्या, मग तेरडा. दोन्ही फुलांना उजवी-डावी बाजू असते, त्यामुळं मोजणीची नवी परीक्षा होते. कळलावी पहिल्या वर्षात नको. ती घ्याल तेव्हा लक्षात ठेवा की तिच्या सगळ्या अंगात, विशेषतः कंदात, विष असतं. हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. माझ्या दुसऱ्या कळलावीच्या चित्रात पानांची टोकं कुंपणाच्या तारेला विळखा घालून आहेत. उजव्या कोपऱ्यात मी बोंडासाठी जागा सोडली होती. पाऊस संपल्यावर त्याच कुंपणाशी गेले, तेव्हा बोंडं उकललेली होती आणि आत केशरी-लाल बिया दिसत होत्या. त्या तिथंच बसून मोजल्या.